मटेरिअल लायब्ररी: वापरायची कशी, आणि मुंबईतल्या छोट्या ऑफिसात स्वतःची उभी कशी करायची

इंटिरिअर, आर्किटेक्चर किंवा प्रॉडक्ट डिझाइन शिकून नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. कॉलेजात ड्रॉइंग शिकवतात, सॉफ्टवेअर शिकवतात. पण क्लायंटने 'हा ओटा कशाचा करायचा?' असं विचारलं की नवा माणूस गडबडतो. फोनमध्ये सेव्ह केलेले शंभर फोटो उघडतो आणि त्यातला जो आवडेल तो दाखवतो. फोटोतला दगड कुठला, तो इथे मिळतो का, त्यावर लिंबू सांडलं तर काय होईल, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. त्यासाठीच मटेरिअल लायब्ररी, म्हणजे माहितीसकट ठेवलेल्या नमुन्यांचा संग्रह, असते.

जगात ही कल्पना बरीच रुळली आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली मटेरिअल कनेक्शन सुरू झालं. तिथे भिंतभर नमुने आणि त्यांच्या जोडीला गुणधर्मांनुसार शोधता येणारा डेटाबेस होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१३ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेकिंग उघडलं. त्याच्या संग्रहातले पदार्थ हाताळून बघता येतात आणि शेजारच्या कार्यशाळेत त्यांच्यावर कामही करता येतं. अमेरिकेत २०१९ पासून मटेरिअल बँक चालते. संकेतस्थळावर वेगवेगळ्या कंपन्यांचे नमुने निवडायचे, दुसऱ्या सकाळी ते सगळे एकाच खोक्यात दारात हजर. या साऱ्यांना 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतात, कारण तुम्ही प्रश्न विचारता आणि संग्रह उत्तर देतो: पाण्यात टिकणारं, अमुक मिलिमीटरपेक्षा पातळ, आग न पकडणारं दाखव.

मुंबईत लोहार चाळीपासून ओशिवऱ्यापर्यंत सगळं मिळतं. पण या बाजाराला सूची नाही. ती आपली आपण करावी लागते. कशी, ते क्रमाने सांगतो.

१. नाव शोधण्याआधी गरज लिहून काढा

नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे सर्च बॉक्समध्ये थेट 'इटालियन मार्बल' लिहिणं. त्याआधी कागदावर पाच-सहा ओळी लिहा. वस्तू कुठे बसणार, पाणी किती लागणार, ऊन किती, कोण हात लावणार, सफाई कोण आणि कशाने करणार, किती वर्षं टिकायला हवी, बजेट काय.

समजा, वरळीला समुद्रासमोरच्या घरात बाल्कनीचं रेलिंग करायचं आहे. मग पहिली ओळ 'खारा वारा' अशीच हवी. ती लिहिली की ३०४ ग्रेडचं स्टील बाजूला पडतं आणि ३१६ पुढे येतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला तोंड देतं. हेच रेलिंग समुद्रापासून लांब, स्वच्छ हवेत असतं तर ३०४ पुरलं असतं आणि क्लायंटचे पैसे वाचले असते.

सफाईची ओळ बहुतेक जण विसरतात. घरकाम करणाऱ्या ताई जे फरशी पुसायचं द्रावण वापरतात ते आम्लयुक्त असू शकतं. संगमरवराची चकाकी त्याने जाते.

२. जवळ काय काय हवं

नमुने देणाऱ्या कंपन्या आणि डीलर आधी तुम्ही कोण ते विचारतात. कागदपत्रं अशी:

- आर्किटेक्ट असाल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक
- इंटिरिअर डिझायनर असाल तर व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, असल्यास जीएसटी प्रमाणपत्र. आयआयआयडी या इंटिरिअर डिझायनरांच्या संस्थेचं सदस्यत्व असेल तर उपयोग होतो, पण त्यावाचून काही अडत नाही
- विद्यार्थी असाल तर ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र. पत्रात प्रोजेक्टचं नाव हवंच
- नमुने पोचवायचा पत्ता. सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर खोकं परत जातं

पिशवीत ठेवायचं सामान: मापाची टेप, जाडी मोजायला व्हर्नियर, टॉर्च, पाण्याची छोटी बाटली, परमनंट मार्कर, झिपच्या पिशव्या, मास्किंग टेप. फोनवर भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर हे ॲप. त्याचं काम चौथ्या पायरीत येईल.

३. पडद्यावर फक्त छाटणी करा

डिजिटल लायब्ररीचा खरा फायदा म्हणजे नको ते लवकर बाजूला सारता येतं. फिल्टर लावताना रंग सगळ्यात शेवटी ठेवा. आधी वापराची जागा, मग जाडी आणि माप, मग पाणी व आगीचे निकष. रंगापासून सुरुवात केलीत तर डोळा एकावर बसतो आणि बाकीची माहिती नीट वाचलीच जात नाही.

माहितीच्या पानावर शब्दांपेक्षा आकडे शोधा. 'वॉटरप्रूफ', 'इको', 'प्रीमियम' हे जाहिरातीचे शब्द झाले. टाइलसाठी पाणी शोषण्याचं प्रमाण बघा, पूर्ण व्हिट्रिफाइड वर्गात ते ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. बाथरूमच्या फरशीसाठी घसरण्याचा वर्ग बघा. जर्मन पद्धतीत तो आर ९ पासून आर १३ पर्यंत जातो आणि आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. सोफ्याच्या कापडाला मार्टिनडेल घासणी चाचणीचा आकडा असतो. बोर्डासाठी त्यातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचा वर्ग, म्हणजे ई१ किंवा ई०, विचारा. बंद एसी बेडरूममध्ये वॉर्डरोब करताना तर नक्कीच. आकडा पानावर नसेल तर कंपनीला मेल करून टेक्निकल डेटा शीट मागा. ती येत नसेल तर ते मटेरिअल यादीतून काढा.

पडद्यावर टेक्श्चर, म्हणजे मटेरिअलच्या पृष्ठभागाची फाइल, लावून बघताना दोन गोष्टींनी फसगत होते. एक म्हणजे स्केल. व्हिनियरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) रेषा रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चित्रात, दुप्पट मोठ्या दिसल्या तर लहान खोली राजवाड्यासारखी भासते आणि काम झाल्यावर क्लायंट नाराज होतो. फाइल नेमक्या किती मिलिमीटरच्या तुकड्याची आहे ते विचारून तेच माप सॉफ्टवेअरमध्ये भरा. दुसरी म्हणजे चमक. चांगल्या टेक्श्चर संचात रंगाच्या फाइलसोबत रफनेस (खरखरीतपणा) आणि नॉर्मल (उंचसखलपणा) या फाइलीही येतात. नुसता रंगाचा फोटो लावला तर मॅट आणि ग्लॉस यांतला फरक कळत नाही. सरावासाठी पॉली हेवन आणि ॲम्बिएंटसीजी या संकेतस्थळांवर असे पूर्ण संच मोफत आणि मुक्त परवान्यात मिळतात. मात्र ते सर्वसाधारण लाकूड-दगडाचे असतात. तुमच्या डीलरकडचं नेमकं मटेरिअल म्हणून ते क्लायंटला दाखवू नका.

छाटणीनंतर प्रत्येक जागेसाठी तीन-चार पर्यायच उरायला हवेत.

४. नमुना मागवताना काय विचारायचं

'सँपल पाठवा' एवढंच लिहिलंत तर शेड कार्डावरचा दोन इंची तुकडा येतो. लॅमिनेटचा, म्हणजे बोलीभाषेतल्या सनमायकाचा, निदान ए४ आकाराचा तुकडा मागा. टाइल पूर्ण मागा. दगडाचा तुकडा मागताना तो सध्याच्या लॉटमधला आहे का ते विचारा. व्हिनियरचा तुकडा मिळाला तरी त्यावर निर्णय घेऊ नका. व्हिनियर आणि संगमरवर हे गोदामात जाऊन पूर्ण शीट आणि पूर्ण स्लॅब बघूनच ठरवायचे, आणि लॉट व स्लॅबचे क्रमांक फोटोसकट टिपून ठेवायचे. निसर्गातली वस्तू आहे, चार इंचांत ती पूर्ण कळत नाही.

प्लायवूडच्या नमुन्यावर शिक्का वाचा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक आहे, आयएस ७१० हे मरीन प्लायचं. त्या शिक्क्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही हे लगेच दिसतं. बाजारात 'मरीन' असं नुसतं छापलेलं प्लाय भरपूर फिरतं, त्यामुळे हे काम दुकानदारासमोर उभं राहूनच करा. खरा दुकानदार रागावत नाही.

५. मुंबईचा बाजार: कुठे काय

क्रॉफर्ड मार्केटच्या मागची लोहार चाळ दिवे आणि इलेक्ट्रिकल फिटिंगसाठी. एकाच मॉडेलचे २७००, ४००० आणि ६५०० केल्विनचे (पिवळसर ते पांढऱ्या उजेडाचे) दिवे शेजारी शेजारी लावून दाखवायला सांगा, दाखवतात. तिथून चालत नागदेवी स्ट्रीट. स्क्रू, नट-बोल्ट, बेअरिंग, हत्यारं. प्रॉडक्ट डिझायनरने तर इथे अर्धा दिवस काढावा. कापडासाठी मंगलदास मार्केट. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या बिजागऱ्या, कड्या, पितळी मुठी मिळतात, आणि जुन्या वस्तूंचं फिनिश हाताला कसं लागतं ते कळतं.

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर रघुवंशी मिलच्या आवारात दिवे, फर्निचर, सजावटीच्या वस्तूंची मोठी दुकानं आहेत. भाव चढे असले तरी फिनिश बघायला जागा चांगली. जोगेश्वरी-ओशिवरा पट्ट्यात पाडलेल्या इमारतींतून निघालेलं जुनं सागवान मिळतं. रे रोडजवळच्या दारुखाना भागात लोखंड आणि भंगार. धारावीच्या कुंभारवाड्यात माती आणि भाजलेलं काम, आणि धारावीतच चामड्याचेही कारखाने.

एक जागा विशेष सांगावीशी वाटते. भारत फ्लोअरिंग्ज ही मुंबईची कंपनी १९२२ पासून सिमेंटच्या नक्षीदार फरश्या बनवते आहे. गिरगाव, फोर्ट, दादरच्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत, दिवाणखान्यांत ज्या रंगीत फरश्या दिसतात त्या परंपरेतलं हे काम. अशी फरशी भट्टीत भाजत नाहीत, साच्यात दाबून पाण्यात मुरवतात, आणि वापराने तिला जी तुकतुकी येते ती पडद्यावर कधीच कळणार नाही. आपल्या शहराचं हे मटेरिअल प्रत्येक मराठी डिझायनरच्या संग्रहात असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

घाऊक बाजार सकाळी अकराच्या आत नीट उघडत नाहीत आणि रविवारी बहुतेक बंद. शनिवारी गर्दीत कोणी धड बोलत नाही. मंगळवार ते गुरुवार, दुपारच्या जेवणाआधी जा. काय बघायचं ते एका कागदावर लिहून न्या आणि तो कागद दुकानदाराला दाखवा. मटेरिअलचं नाव माहीत नसलं तरी चालतं. 'रोज पाणी लागणार, वरून ऊन येणार' एवढं सांगितलं की जुना दुकानदार स्वतःहून तीन पर्याय काढतो, आणि त्यातला एखादा कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतो.

६. नमुना ऑफिसात आला की त्याला वापरून बघा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. नमुना कपाटात ठेवण्याआधी त्याच्यावर प्रयोग करा, आणि म्हणूनच नेहमी दोन मागवा. एक खराब करायला, एक जपायला.

*उजेड.* खिडकीतला दिवसाचा उजेड, पिवळा दिवा, पांढरा दिवा, अशा तिन्हींत बघा. दुकानात तंतोतंत जुळलेले दोन करडे रंग घरच्या दिव्याखाली वेगळे पडू शकतात. लॅमिनेट आणि त्याच रंगाचा भिंतीचा पेंट यांत हे वारंवार होतं. आडवं ठेवायचं मटेरिअल आडवं आणि उभं लागायचं ते उभं धरूनच बघा.

*स्वयंपाकघर.* ओट्याच्या प्रत्येक नमुन्यावर हळद कालवलेलं तेल, लिंबाचा रस, कोकमाचं आगळ आणि चहा यांचे थेंब टाकून रात्रभर ठेवा. संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की पॉलिश तिथेच जातं. कडप्पा आणि कोटा हेही चुनखडीच्या जातीचे, त्यामुळे काळ्याभोर पॉलिश केलेल्या कडप्प्यावरही लिंबाचा पांढुरका डाग उठतो. ग्रॅनाइट आम्लाला दाद देत नाही. क्वार्ट्झच्या कृत्रिम स्लॅबमध्ये रेझिन असतं. डागांना तो बरा, पण गॅसवरून काढलेली कढई थेट ठेवली तर डागळतो, प्रसंगी तडकतो. त्यात सिलिकाचं प्रमाणही फार असतं आणि कोरडं कापलं की धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदी घातली. तुम्ही तो निवडणारच असाल तर पाणी सोडून कापणं आणि मास्क या दोन गोष्टी कामाच्या करारात लिहा. आपल्या निवडीची किंमत कटिंगवाल्या पोराने मोजू नये.

*टाइल.* मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. साधी सिरॅमिक तो लगेच पिते, व्हिट्रिफाइडवर तो तसाच उभा राहतो. पॉलिश केलेल्या बाजूवर मार्करची रेघ मारून पाच मिनिटांनी पुसा. रेघ राहिली तर छिद्रं उघडी आहेत.

*प्लाय.* कापलेली कड टॉर्चच्या उजेडात बघा, आत पोकळ्या दिसायला नकोत. छोटा तुकडा पाण्यात उकळा. मानकातल्या चाचणीत बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारं) प्लाय ८ तास आणि मरीन प्लाय ७२ तास उकळतात. तुम्ही तीन-चार तास उकळलंत तरी कच्च्या गोंदाचे थर सुटलेले दिसतील.

*स्टील.* चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, असं दुकानात ठासून सांगतात. ते पुरेसं नाही. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ३०४ व ३१६ तर चुंबकाने वेगळे ओळखूच येत नाहीत. थेंब टाकून मॉलिब्डेनम तपासायचं रसायन विकत मिळतं ते वापरा, नाहीतर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

*पावसाळा.* जूनमध्ये एक संच खिडकीजवळच्या फळीवर उघडा ठेवून द्या. सप्टेंबरपर्यंत कोणता बोर्ड फुगला, कोणत्या कापडाला बुरशी आली, कोणती पितळी मूठ काळी पडली ते लिहा. परदेशातल्या कुठल्याही डेटाबेसमध्ये मुंबईचे हे चार महिने नसतात.

७. स्वतःची लायब्ररी उभी करा

जागा नाही ही सबब सांगू नका. एका फूट खोलीचं, सहा फूट उंचीचं उघडं रॅक पुरतं. ते बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या. कापड आणि व्हिनियर वरच्या फळ्यांवर, दगड आणि टाइल तळाला. सगळे तुकडे एकाच मापात कापून घ्या, चार बाय चार इंच सोयीचं पडतं.

प्रत्येक तुकड्याला कोड द्या. मी आद्याक्षर आणि तीन आकडे वापरतो: द-०१४ म्हणजे दगड, ला-०३२ लाकूड, का-००७ कापड, धा-०११ धातू. मिस्त्रीला फोनवर सांगायला सोपं जातं. कोड तुकड्याच्या पाठीवर परमनंट मार्करने लिहा आणि जोडीला क्यूआरचं लेबल लावा. नुसत्या लेबलवर विसंबू नका. इंकजेटची शाई दमटपणाने फुटते आणि थर्मल लेबल काही महिन्यांत पुसट होतं.

क्यूआर कशाला जोडायचा, इथे नवे लोक अडकतात. कंपनीच्या पानाला जोडू नका, कारण मॉडेल बंद झालं की ते पान जातं. स्वतःची एक गूगल शीट करा आणि प्रत्येक मटेरिअलची एक पानभर नोंद ठेवून त्या नोंदीला क्यूआर जोडा. फुकट क्यूआर देणाऱ्या काही सेवा 'डायनॅमिक' कोड देतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. साधा, कायमचा, म्हणजे स्टॅटिक कोडच घ्या. फोन टेकवला की माहिती उघडते असे एनएफसी टॅगही छान, फक्त धातूच्या नमुन्यावर साधा टॅग चालत नाही. धातूसाठीचा वेगळा टॅग मागावा लागतो.

नोंदीत हे रकाने ठेवा:

- नाव, कंपनी, डीलर, लॉट क्रमांक
- भाव, तारीख, आणि भाव कशाचा: स्क्वेअर फूट, रनिंग फूट की शीट. जीएसटी धरून की सोडून
- जाडी, पूर्ण माप, वजन
- मानक आणि परवाना क्रमांक
- तुमच्या चाचण्यांचे निकाल, डागांच्या फोटोसकट
- कोणत्या साइटवर वापरलं, कोणत्या कारागिराने बसवलं, तो काय म्हणाला
- लिफ्टमध्ये जातं का

शेवटचा रकाना कोणाला क्षुल्लक वाटेल, पण मुंबईत त्यावर निर्णय फिरतात. आठ बाय चारची शीट जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि १२०० बाय २४०० मिलिमीटरची टाइल जिन्याच्या वळणावर अडते. सातव्या मजल्यापर्यंत खांद्यावरून चढवायची मजुरी मटेरिअलच्या भावाला जाऊन भिडते. आधी कळलं तर लहान माप निवडता येतं.

कारागिराच्या शेऱ्याचा रकाना मात्र कधीच रिकामा ठेवू नका. 'कापताना कड उडते', 'याला फेविकॉल धरत नाही, दुसरा गोंद लागतो', 'पॉलिश तीन हात द्यावं लागतं' ही माहिती कंपनी देत नाही. सुतारमामांना चहा देऊन विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा.

टेक्श्चरही आपलं आपण करता येतं. ढगाळ दिवशी, उजेड सगळीकडून सारखा असताना, वरून सरळ फोटो काढा. शेजारी मापपट्टी आणि करडं कार्ड ठेवा, म्हणजे माप आणि रंग दोन्ही नंतर जुळवता येतात. फाइलीला तुकड्याचाच कोड द्या. मग रेंडरमध्ये दिसतं ते आणि क्लायंटच्या हातात असतं ते एकच राहतं.

८. क्लायंटसमोर

तीनपेक्षा जास्त पर्याय मांडू नका. आधी तुकडे हातात द्या, मग क्यूआर स्कॅन करून डागांचे फोटो दाखवा, रेंडर सर्वांत शेवटी. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती बैठकीला असलीच पाहिजे. ठरलेल्या तुकड्याच्या पाठीवर तारीख घालून क्लायंटची सही घ्या आणि त्याचे तीन भाग करा: एक तुमच्याकडे, एक क्लायंटकडे, एक साइटवर. माल उतरताना सुपरवायझरने साइटवरच्या तुकड्याशी ताडून बघायचं, आणि टाइल असेल तर प्रत्येक खोक्यावरचा शेड व बॅच क्रमांक एकच आहे ना ते तपासायचं. खोकं फोडून टाइल बसवल्यावर डीलर परत घेत नाही.

९. वर्षातून एकदा आवराआवर

पाऊस संपला की ऑक्टोबरात सगळं रॅक रिकामं करा. प्रत्येक डीलरला फोन करून कोणती मॉडेलं बंद झाली ते विचारा. बंद झालेल्याची नोंद शीटमधून पुसू नका, 'बंद' एवढं लिहा, कारण जुन्या साइटच्या दुरुस्तीला तीच उपयोगी पडते. भाव नव्या तारखेने भरा. ज्या घरांत मागच्या वर्षी काम झालं तिथे जाऊन फोटो काढा आणि त्या-त्या कोडखाली टाका. जास्तीचे तुकडे जवळच्या आर्किटेक्चर किंवा डिझाइन कॉलेजला द्या. देताना पाठीवरचा कोड खोडू नका आणि शीट बघायची परवानगी सोबत द्या, म्हणजे मुलांना तुकड्याबरोबर त्याची माहितीही मिळेल.